एका पेटीत दोन साप ठेवावेत का?

पत्राचा सारांश: एका वाचकाकडे तीन वर्षांचा बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान जातीचा, पाळला जाणारा अजगर) आहे, नर. पिल्लू असल्यापासून तो त्यांच्याकडेच वाढला. त्याची पेटी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच आहे. तो नीट खातो आणि कातही सलग टाकतो. पण अलीकडे रात्री तो काचेला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो. वाचक दिवसभर कामावर असतात, त्यामुळे हा एकटा पडलाय असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. त्यांची एक मैत्रीण परदेशी राहायला निघाली आहे. तिच्याकडे याच जातीची पाच वर्षांची, ‘बहुधा मादी’ आहे आणि महिन्याभरात तिची सोय लावायची आहे. वाचकांनी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं आहे. जुने पाळणारे म्हणतात, साप एकलकोंडाच असतो. नव्या एका प्रयोगात मात्र बॉल पायथन आपणहून एकत्र राहिले. एकमेकांवर वेटोळी घालून पहुडलेल्या सापांची छायाचित्रंही त्यांनी पाहिली आहेत. ते विचारतात: त्याला एकटं ठेवून मी त्याच्यावर अन्याय करतोय का? आणि मैत्रिणीची मादी त्याच्याच पेटीत सोडली तर चालेल का?

नमस्कार,

आधी उत्तर सांगते, कारण तुमच्याकडे महिनाच आहे. मैत्रिणीची मादी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण तिची पेटी वेगळी असू द्या. तुमच्या नराच्या पेटीत तिला सोडू नका, आज नाही आणि दोघं एकमेकांना सरावली असं वाटलं तरी नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल म्हणाल, तर तुम्ही त्याच्यावर अन्याय करताय असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून मला वाटलं नाही.

‘साप एकलकोंडा असतो, विषय संपला’ या उत्तराने तुमचं समाधान झालं नाही, हे मला आवडलं. कारण ते विधान आता पूर्वीसारखं टिकत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे चुनखडीच्या भेगांमध्ये हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात बाहेर येतात, तेव्हा जमीन दिसेनाशी होते. पण हे दृश्य जुन्या समजुतीत बसवता येत होतं: थंडीपासून वाचायला भेगा थोड्या आहेत आणि बाहेर पडल्यावर मादी शोधायची घाई आहे, म्हणून गर्दी. एकमेकांशी त्यांना काही देणंघेणं नाही, असं म्हणून पुढे जाता यायचं.

२०२० साली मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर या कॅनडातल्या संशोधकांनी गार्टर सापांच्या चाळीस पिल्लांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा-दहा पिल्लं एकेका पेटीत, वर कॅमेरा. संशोधक दिवसातून दोनदा त्यांना उचलून जागा बदलायचे. तरी पिल्लं पुन्हा पुन्हा त्याच सोबत्यांजवळ जात होती. म्हणजे नुसती ऊब किंवा आडोसा शोधत नव्हती, अमुक एक साप शोधत होती. खुळखुळ्या सापांबद्दल (रॅटलस्नेक) त्याही आधीपासून काही कळू लागलं होतं. गाभण माद्या एकत्र राहतात, आणि एकाच विणीतल्या बहिणी वेगळ्या वाढवल्या तरी पुढे एकमेकींच्या जवळ राहणं पसंत करतात, असं २००४ साली दिसलं होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटाने खुळखुळ्या सापांच्या हृदयाचे ठोके मोजले. डिवचल्यावर एकट्या सापाचे ठोके जितके वाढत होते, तितके शेजारी दुसरा साप असताना वाढत नव्हते. शेजारी नुसता जाड दोराचा तुकडा ठेवला तर त्याचा तसा उपयोग होत नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या अजगराची मादी पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यावरही सुमारे दोन आठवडे बिळात त्यांच्यासोबत थांबते, स्वतः उन्हात तापून येते आणि रात्री पिल्लं तिच्या वेटोळ्यांत ऊब घेतात.

आणि तुम्ही वाचलेला तो बॉल पायथनचा प्रयोग खराच आहे. तो २०२४ मध्ये स्किनर आणि मिलर यांच्याच गटाने प्रसिद्ध केला. सहा-सहा तरुण साप दहा दिवस एकत्र ठेवले होते. प्रत्येकाला स्वतंत्र दडता येईल इतके आडोसे दिलेले असूनही निम्म्याहून जास्त वेळ ते एकाच आडोशात गोळा होत. तो आडोसा काढून घेतला, तर दुसऱ्या एखाद्यात पुन्हा एकत्र जमत. ज्या जातीला सगळे डोळे मिटून एकलकोंडी म्हणत, तिच्यात हे दिसलं. मला स्वतःला हे निष्कर्ष फार आनंद देऊन गेले. ज्या प्राण्याला ‘थंड’ म्हणून आपण बाजूला टाकलं, त्याच्या आत इतकं काही चाललेलं असतं.

मग मी नाही का म्हणते? कारण तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सापाला दुसऱ्या सापाची जाणीव आणि ओढ असते का, हा एक. दोन साप एका बंद पेटीत वर्षानुवर्षं ठेवावेत का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो, काही जातींत, काही वेळा’ असं आलं, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप ‘हो’ होत नाही. यातल्या बहुतेक अभ्यासांत एक गोष्ट समान आहे: साप कुणाजवळ जायचं ते निवडतो. निवडणं यात दूर जाणंही आलं. नार्सिसचे ते गार्टर साप वसंत ओसरला की पांगतात, काही तर १५ किलोमीटरहून लांब. गाभण माद्यांचा घोळका पिल्लं झाल्यावर मोडतो. अजगराची आई दोन आठवड्यांनी निघून जाते. त्यांची सोबत ही ठरावीक दिवसांची असते. तुमच्या पेटीत दूर जाणं म्हणजे फार तर १२० सेंटिमीटर, आणि तेही ऊब सोडून गार टोकाला. दहा दिवसांच्या प्रयोगातल्या तरुण सापांवरून पुढच्या वीस-तीस वर्षांच्या सक्तीच्या शेजाराचा अंदाज बांधता येत नाही. त्या संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही.

आता त्याच्या काचेला नाक लावून फिरण्याकडे येऊ. ते पाहून तुम्हाला वाटलं, तो कुणालातरी शोधतोय. हे वाटणं स्वाभाविक आहे, आपण माणसं तसंच वाचतो. पण बॉल पायथन निशाचर आहे. तुम्ही घरी येता, दिवे मंद होतात, तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो. हिंडणारा साप बहुतेक वेळा काहीतरी साधं सांगत असतो: भूक आहे, गरम टोक जरा जास्तच तापलंय, हवा कोरडी झालीये, दडायच्या जागा अपुऱ्या किंवा ऐसपैस आहेत. वयात आलेला नर विणीच्या हंगामात रात्र रात्र फिरतो आणि कित्येकदा खाणंही सोडतो. तुमचा तीन वर्षांचा आहे, म्हणजे हे कारणही शक्य आहे. पण तेवढ्यासाठी त्याला मादी आणून द्यायची गरज नसते. हंगाम सरला की तो पुन्हा खायला लागतो.

म्हणून साथीदाराचा विचार करण्याआधी थर्मामीटर घ्या. पेटीवर चिकटवायचा तबकडीवाला नको, तो भलतंच दाखवतो. टोकाला संवेदक असलेला डिजिटल घ्या. गरम आडोशाच्या आत ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि गार टोकाला २५ ते २७ असायला हवं. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त. हीटर थर्मोस्टॅटवरच चालवा. दोन्ही टोकांना एकेक घट्ट आडोसा हवा, ज्यात त्याचं अंग तिन्ही बाजूंनी टेकेल. माणसाला खोली मोठी आवडते तशी सापाला दडण्याची जागा मोठी आवडत नाही, तिथे त्याला चेपून बसायचं असतं.

शिवाय पेटी भरा. तुमची पेटी ६० सेंटिमीटर उंच आहे आणि मला शंका आहे की तिचा वरचा अर्धा भाग रिकामाच असेल. बॉल पायथन नुसता जमिनीवरचा साप आहे ही समजूतही अपुरी आहे. पश्चिम आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात विशेषतः नर आणि लहान साप झाडांवर चढून पक्षी खाताना आढळले आहेत. त्याचं वजन पेलेल अशी जाड आडवी फांदी पक्की बसवा. खोटी किंवा खरी पानं, कॉर्कच्या सालीचे पोकळ तुकडे आणि तळाला उकरता येईल इतका जाड थर द्या. कधीतरी पेटीतली एखादी वस्तू हलवा, बाहेरून नवा वास असलेलं स्वच्छ लाकूड आणून ठेवा. साप जिभेने जग वाचतो. त्याला वाचायला नवं काहीतरी मिळालं, की काचेवरच्या येरझाऱ्या कमी झालेल्या तुम्हाला दिसण्याची शक्यता पुष्कळ आहे. महिनाभर हे करून पाहा आणि रात्रीचं निरीक्षण वहीत लिहून ठेवा.

एकमेकांवर पहुडलेल्या सापांच्या छायाचित्रांविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. सापाचं पचन, प्रतिकारशक्ती, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. पेटीत सर्वांत उत्तम ऊब आणि सर्वांत सुरक्षित आडोसा एकाच ठिकाणी असतो. दोन सापांना तीच जागा हवी असते, म्हणून ते तिथे एकावर एक येतात. त्यात जवळीक असू शकेल, नव्या अभ्यासांमुळे मी ती शक्यता नाकारणार नाही. पण खालचा साप वरच्याच्या वजनाखाली आहे, आणि त्याला उठून जायचं तर ऊब सोडावी लागते. स्पर्धेत आणि जवळिकीत साप छायाचित्रात अगदी सारखेच दिसतात.

फरक कळतो तो महिन्यांनी, आणि तोही फार शांतपणे. कुत्रा भुंकतो, मांजर फिस्कारते, दोन उंदीर भांडले तर रक्त दिसतं. ताणाखालचा साप काहीच आवाज करत नाही. तो एक जेवण सोडतो, मग दुसरं. गार टोकालाच पडून राहतो. वजन हळूहळू उतरतं, कात तुकड्यांत निघते, श्वासाला घरघर लागते. एकट्या सापात यातलं पहिलं लक्षण दिसलं, की तुम्ही सावध होता. दोघांत मात्र पाण्याच्या भांड्याशेजारी पडलेली उलटी कुणाची, हेच कळत नाही. विष्ठा पातळ झाली, तर ती कुणाची? कोण सतत गरम टोक अडवतं, हे तुम्ही झोपलेले असताना घडतं. दोघांत धट्टाकट्टा दिसणारा साप दुसऱ्याच्या जिवावर धट्टाकट्टा असू शकतो. दोन साप एकत्र ठेवण्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे, की त्रास होणाऱ्या सापाची खूण तुमच्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो.

खाण्याचा धोका तसा सर्वांना माहीत असतो, पण त्याचा पल्ला लोक कमी धरतात. बॉल पायथन अंधारात उष्णतेवर आणि वासावर झेप घेतो. दोघांनी एकाच उंदरावर झेप घेतली, तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या डोक्यावर बसायला क्षण पुरतो. मागे वळलेले दात सहज सुटत नाहीत. जखम होते, डोळा जातो, आणि घाबरून ओढाओढ केली तर आणखी बिघडतं. काही जातींत तर गोष्ट जिवावरच येते. किंगस्नेक निसर्गात दुसरे साप खातो, विषारीसुद्धा. त्याच्या पेटीत त्याच जातीचा साप हेही भक्ष्यच. कॉर्न स्नेक एकमेकांना गिळत नाहीत असं छातीठोक सांगणारे भेटतात, पण पाळलेल्या कॉर्न स्नेकनी सोबत्याला गिळल्याच्या घटना झालेल्या आहेत. ‘खायला देताना वेगळ्या डब्यात काढतो’ हा उपाय अर्धाच आहे. भरल्या पोटी साप उचलला तर तो ओकू शकतो, आणि परत पेटीत सोडल्यावर दोघांच्या अंगाला उंदराचा वास लागलेला असतोच.

तुमच्या बाबतीत याहून नाजूक मुद्दा आहे ‘बहुधा मादी’ या शब्दांचा. सापाचं लिंग शेपटीच्या लांबीवरून ओळखताना अनुभवी माणसंही चुकतात. मोठ्या सापात ते सळई घालून तपासतात, आणि ते काम जाणकाराने किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यानेच करायचं, घरी करून बघायचं नाही. ती खरंच मादी निघाली आणि तुमचा नर वयात आलेला, तर एकत्र ठेवणं म्हणजे वीण होऊ देणं. मादी नराचं वीर्य शरीरात बराच काळ साठवू शकते, त्यामुळे ‘थोडेच दिवस एकत्र होते’ याला अर्थ राहत नाही. अंडी अडकली तर शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर मादी दगावते. अंडी नीट घातली, तरी ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून जवळपास दोन महिने खात नाही. आणि पिल्लं झालीच तर त्या प्रत्येकाला पेटी, उंदीर आणि पुढच्या दोन-तीन दशकांचं घर कोण देणार?

अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीची हकिकत इथे आठवते. ती १९६१ मध्ये तिथे आली. २३ जुलै २०२० रोजी तिने सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ वर्षांचं होतं आणि कित्येक वर्षांत ती कुठल्याही नराजवळ गेलेली नव्हती. नराशिवाय अंडी घालणं सापांत होऊ शकतं. पण मला त्या बातमीतला दुसराच तपशील जास्त लक्षात राहिला. १९९० मध्येही तिने अंडी घातली होती, आणि त्या खेपेला नराशी संबंध आला असण्याची शक्यता तिथल्या लोकांनी सांगितली, कारण त्या काळी पिंजरे साफ करताना सापांना काही वेळ एकाच बादलीत ठेवत. बादलीतल्या तेवढ्या वेळाबद्दल ही शंका येते, तर तुम्ही तर कायमची पेटी म्हणताय.

रोगांचं म्हणाल तर मी कडक आहे. बाहेरून आलेला कुठलाही साप, मग तो मैत्रिणीचा का असेना आणि कितीही टवटवीत दिसो, किमान तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवा. सापांवरचे माइट्स, म्हणजे रक्त शोषणारे सूक्ष्म कीटकसदृश जीव, मिरीच्या पुडीसारखे बारीक काळे असतात आणि डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खवल्यांखाली लपतात. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसू लागला, तर तिथे बघा. माइट्स निदान दिसतात तरी. बॉल पायथनमध्ये आढळणारा निडोव्हायरस श्वसनमार्ग पोखरतो आणि काही सापांत बराच काळ लक्षणंच दाखवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापाच्या जठराला सूज आणतो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. बोआ आणि अजगरांत इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य रोग होतो, तोही बरा होत नाही. तोंडातला स्वॅब आणि विष्ठेची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्या. तपासणी साफ आली, तरी तीन महिने पुरे होऊ द्या.

आता तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या, पण परिस्थिती वेगळी असलेल्या वाचकांसाठी थोडं.

ज्यांचे दोन साप आधीच वर्षानुवर्षं एकत्र आहेत आणि ‘आजवर काहीच झालं नाही’, त्यांनी घाबरून जाऊ नये. पण दुसरी पेटी तयार करावी आणि दोघांना वेगळं करावं. दोघांचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आज करा, मग दर दोन आठवड्यांनी करत राहा. वेगळं झाल्यावर एकाची भूक अचानक उघडली, तो रात्री पेटीभर फिरू लागला, वजन चढलं, तर आधी काय चालत होतं ते कळेल. दोघांत काहीच फरक पडला नाही, तर उत्तमच, वेगळं राहण्यात त्यांचं काही बिघडलेलं नाही. सुरुवातीचे थोडे दिवस एखादा कमी खातो, पण तो बहुतेक नव्या पेटीचा परिणाम असतो, विरहाचा समजून लगेच परत एकत्र करू नका.

गार्टर साप पाळणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. या सापांना गटात ठेवण्याची रीत अनुभवी लोकांत आहे, आणि संशोधनही त्यांच्या बाजूने बोलतं. तरीही साप सारख्या आकाराचे हवेत, लिंग एकच हवं, सापांच्या संख्येपेक्षा जास्त आडोसे हवेत, उबेच्या जागाही एकाहून अधिक हव्यात, आणि खाणं देताना प्रत्येक सापाला अलग काढायलाच हवं. गार्टर साप खाताना एकमेकांवर तुटून पडतात. राखीव पेटी रिकामी तयार नसेल, तर गट करू नका. वेगवेगळ्या जातींचे साप एकत्र ठेवण्याबद्दल मात्र मी कुठलीच सूट देणार नाही. त्यांचं तापमान वेगळं, आर्द्रता वेगळी, रोग वेगळे, आणि एकजण दुसऱ्याचा घास होण्याची शक्यता.

जागा किंवा पैसा एकाच पेटीपुरता आहे म्हणून दोघांना एकत्र ठेवू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मग एकच साप ठेवा. एकाची नीट काळजी घेणं यात कमीपणा काही नाही. आणि कुठलाही साप घेण्याआधी ती जात पाळायला तुमच्याकडच्या कायद्यात परवानगी आहे ना, आणि तो रानातून पकडलेला नाही ना, हे बघणं तुमचीच जबाबदारी आहे.

परत तुमच्याकडे. तुम्ही लिहिलंत, ‘तो एकटा पडलाय असं मला सारखं वाटतं.’ हे वाटणं मी खोटं ठरवत नाही. पण ते कधी जास्त होतं, हे जरा पाहाल का? रात्री उशिरा दमून घरी येता तेव्हा, की सुट्टीच्या दिवशीही? त्याच्याकडे पाहताना कधीकधी तुमचाच दिवस तुम्हाला त्याच्यात दिसत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेव्हा साथ तुम्हालाही हवी असेल, आणि ती माणसांतून मिळते. सापाला त्याचं ओझं उचलता येणार नाही, आणि दुसऱ्या सापालाही नाही.

मैत्रिणीच्या मादीचा निर्णय त्यामुळे वेगळा घ्या. तिला तुमच्या नरासाठी आणू नका. तिच्यासाठी आणणार असाल, तर आणा. दुसऱ्या खोलीत दुसरी पेटी, दुसरा थर्मोस्टॅट आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं देणं जमणार असेल, तर ती तुमच्या घरी सुखाने राहील. जमणार नसेल, तर मैत्रिणीला आजच तसं कळवा, म्हणजे तिला चांगलं घर शोधायला पूर्ण महिना मिळेल. तुम्ही नकार दिल्याने त्या सापाचं काही वाईट होत नाही. शेवटच्या दिवशी घाईत दिला-घेतला तर होऊ शकतं.

घ्यायचं ठरलं, तर मैत्रिणीकडून नुसता साप न आणता तिची पेटी, तिचे आडोसे आणि वापरातला थोडा तळाचा थरसुद्धा आणा. नव्या खोलीत तिला स्वतःचा वास सापडेल. शेवटचं खाणं कधी दिलं, काय दिलं, जिवंत की गोठवलेलं, कात कधी टाकली, वजन किती, कधी आजारी होती का, आणि आधी कुणा नरासोबत होती का, हे सगळं लिहून घ्या. पेटीचं तापमान ती यायच्या दोन दिवस आधीपासून स्थिर करून ठेवा. आल्यावर आठवडा-दहा दिवस तिला हात लावू नका, फक्त पाणी बदला, आणि मग पहिलं खाणं द्या, नेहमीपेक्षा लहान. तिने नाकारलं तर घाबरू नका, आठवड्याने पुन्हा द्या. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर मात्र पशुवैद्य गाठा. या तीन महिन्यांत रोज आधी नराची पेटी आवरा, नंतर मादीची, आणि मध्ये हात साबणाने धुवा. चिमटा, पाण्याचं भांडं, पुसायचं फडकं, दोघांचं वेगवेगळं ठेवा.